दोनशे तीन नंबरचा फोटो

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

नांदेड, मंगळवार, दुपार

तीर्थरूप दाजींच्या चरणी धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे शिवलिंगचा, शरणार्थ.

दाजी, पत्र ऐकायला घेण्याआधी एक विनंती आहे. कानात इअरफोन घाला, आणि दोन्ही कानांत घाला. हे पत्र तुम्हाला तुमच्या फोनमधली बाई वाचून दाखवणार, आणि ती बाई कुणाचीही भीड ठेवत नाही हे मी गेल्या चार महिन्यांत चांगलं शिकलो आहे. अक्का स्वयंपाकघरात असेल. तिच्या कानावर यातला एक शब्द जरी गेला तरी ती रेणापूरला आप्पांना फोन करील, आप्पा मला करतील, आणि आप्पा फोनवर ओरडत नाहीत, नुसते गप्प बसतात. ते मला झेपत नाही. (कंस आला की ती बाई दर वेळी ‘कंस सुरू, कंस बंद’ म्हणते असं तुमच्या लेकीनं, अक्षरानं, मला सांगितलं आहे. तरी मला कंसाशिवाय लिहिता येत नाही. मनातलं बोलायला माझ्याकडं एवढीच जागा आहे.)

तुमची तब्येत ठीक असेल. अक्काचे गुडघे, अक्षराची बारावी, लातूरच्या नळाचं पाणी, सगळं आपापल्या वेळेवर चालू असेल. तुम्ही त्या फोनमधल्या बाईला इतक्या वेगानं बोलायला लावता की अक्काला वाटतं, दाजी देगलूरकडची तेलुगू बातमी ऐकून राहिले. आजचं पत्र मात्र जरा सावकाश ऐका. मी फार जपून लिहितो आहे आणि घाबरून लिहितो आहे, आणि या दोन्हींत माझी वाक्यं लांबतात.

माझी तब्येत विचाराल तर पोटात एक गोळा आला आहे तो पंधरा दिवस झाले खाली उतरत नाही. डॉक्टर म्हणाले गॅस आहे, आमची मंडळी म्हणाली दृष्ट आहे, आणि तिनं मीठ-मोहरी ओवाळून टाकली. दोन्ही नाही. ती भीती आहे. परवा नांदेड स्टेशनवर पाहुण्यांना सोडायला गेलो होतो. वर भोंग्यातून ती गाड्यांची सूचना देणारी बाई बोलायला लागली आणि माझ्या हातातला चहा शर्टावर सांडला. मला वाटलं, आता सचखंड एक्सप्रेसची वेळ सांगून झाली की ही पुढं सांगणार, शिवलिंगनं अठ्ठ्याऐंशी नंबरच्या फोटोत काय लिहून ठेवलं आहे ते. बँकेच्या यंत्रातली बाई, दवाखान्याच्या लिफ्टमधली बाई, सगळ्या मला आतून एकमेकींच्या बहिणी वाटायला लागल्या आहेत.

आता पहिल्यापासून सांगतो. तुम्हाला यातलं बरंच माहीत आहे, पण पत्र लिहिताना समोरच्याला काहीच माहीत नाही असं धरून लिहावं असं आप्पांनी शिकवलं आहे. विष्णुपुरीच्या अलीकडं आमचं गोदातीर विद्यापीठ. (लोक विचारतात, ते मोठं का? नाही, आमचं दुसरं. त्यावर लोक ‘अच्छा’ म्हणतात आणि विषय बदलतात.) इथं मी संकेतस्थळ कक्षात कंत्राटी सहाय्यक. नऊ वर्षं झाली. दर अकरा महिन्यांनी मला एक दिवस घरी बसवतात आणि दुसऱ्या दिवशी नवा माणूस म्हणून त्याच खुर्चीवर आणून बसवतात. त्या एका दिवशी मी जेवढी भीती खातो तेवढं अन्न उरलेल्या अकरा महिन्यांत खात नसेन. या वर्षीचा तो दिवस येत्या सोमवारी आहे. आणि त्याच्या आधी, या शुक्रवारी, तपासणी आहे. हे दोन वार तेवढे ध्यानात ठेवा, सगळं दुखणं त्या दोघांच्या मधे आहे.

जुलैमध्ये वरून पत्र आलं की विद्यापीठाचा सगळा डिजिटल मजकूर दिव्यांग विद्यार्थ्यांना विनासायास वापरता आला पाहिजे, आणि तो तसा आहे की नाही हे पाहायला समिती येईल. लगेच बैठक झाली. आमच्याकडं दिव्यांग म्हटलं की रॅम्प, एवढंच सगळ्यांना ठाऊक. बांधकामवाल्या साहेबांनी विचारलं, हे डिजिटल कुठं ठेवता? आम्ही म्हणालो, सर्व्हरच्या खोलीत. तीन आठवड्यांत सर्व्हरच्या खोलीला रॅम्प बांधून झाला, कठड्यासकट. त्या खोलीत जायची परवानगी मलाही नाही. रॅम्प मात्र उत्तम झाला आहे, सकाळी त्यावर दोन कुत्री उन्हाला पडलेली असतात.

मग नोट्सचं निघालं. आमच्या सगळ्या नोट्स मोहियोद्दीन भाईंनी टाइप केलेल्या. भाई बावीस वर्षं विद्यापीठाचे टंकलेखक, अर्ध्या जिल्ह्याच्या प्रश्नपत्रिका त्यांच्या बोटांतून गेलेल्या. पण ते जुन्या फाँटमध्ये टाइप करतात. त्यात पडद्यावर दिसतं मराठी, आणि संगणकाच्या पोटात ती अक्षरं असतात इंग्रजी. डोळ्यांनी वाचणाऱ्याला याचा पत्ताच लागत नाही. तपासायला आम्ही कहकशांला बोलावलं. ही एम.ए.च्या पहिल्या वर्षाची मुलगी, इतवाऱ्यात वडिलांचं शिलाईचं दुकान आहे, जन्मापासून दिसत नाही, आणि तोंडानं अशी फटकळ की प्राध्यापक वाट बदलतात. तिनं मराठीच्या नोट्स लावल्या, मिनिटभर ऐकलं आणि म्हणाली, “सर, ये कौनसी जबान है? मेरेकू तो लग रा कोई इंजेक्शनां के नाम पढ रा.” मोहियोद्दीन भाईंचा चेहरा इतका उतरला की मला पाहवेना. “बावीस साल टाइप कर्‍या,” एवढंच ते म्हणाले, “किसीने बोल्या नहीं.” दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बावीस वर्षांचं सगळं नव्यानं टाइप करायला घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. आता दुसऱ्या सत्रापर्यंत आले आहेत. त्यांच्याकडं पाहिलं की मला माझी जास्तच लाज वाटते, का ते पुढं कळेल.

राहिले फोटो. संकेतस्थळावर तीनशे बारा फोटो, आणि ते सगळे माझ्या अंगावर. प्रत्येक फोटोच्या मागं एक रिकामा चौकोन असतो. त्यात फोटोचं वर्णन लिहायचं. ते पडद्यावर कुणाला दिसत नाही, पण ज्याला फोटो दिसत नाही त्याला त्याचा संगणक ते वाचून दाखवतो. (हे तुम्हाला सांगणं म्हणजे उदगीरच्या माणसाला किल्ला दाखवणं आहे. पण आप्पांचा नियम.) एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर तीनच गोष्टी लिहिल्या: जे दिसतं ते लिहा, खरं लिहा, थोडक्यात लिहा.

मी नऊ वर्षं फोटोंखाली ओळी लिहीत आलेला माणूस. माझा हात ठरलेल्या वळणावर गेला. ‘सन्माननीय अमुक यांचा शाल, श्रीफळ व पुष्पगुच्छ देऊन यथोचित सत्कार करताना मान्यवर तमुक, सोबत डावीकडून अनुक्रमे’ असं सुरू झालं की पदं, पदव्या आणि समित्या धरून मी सव्वा पान भरत असे. नाव खालीवर झालं तर माणसं दोन-दोन वर्षं बोलत नाहीत, म्हणून मी क्रमाच्या बाबतीत फार काटेकोर. चाळीस फोटो झाल्यावर कहकशांला बसवलं. ती आली होती परीक्षेचा फॉर्म भरायला. फॉर्मची जागा त्या पानावर सर्वांत खाली, आणि वर माझे सत्कार. सात मिनिटांनी तिनं कानातलं काढलं आणि विचारलं की सर, शाली खतम होने के बाद फॉर्म आएगा क्या. मग म्हणाली, “सर, तुम्ही काय बघून राहिले ते सांगा ना. कोण मोठा हाय ते नको सांगा.”

दाजी, नऊ वर्षांत मला कुणी असं विचारलं नव्हतं. मी रोज फोटो पाहतो आणि जे दिसत नाही ते लिहितो. खरंच काय दिसतं असं कुणी विचारेल हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मी घरी गेलो, जेवलो, आणि दुसऱ्या दिवशी चौकोन उघडून पहिल्यांदा दिसलं ते लिहिलं. लिहून ‘जतन करा’ दाबलं आणि पडद्याकडं पाहिलं. काहीच दिसेना. जे लिहिलं ते कुठंच नाही. आमच्या कक्षाच्या महानंदा मॅडम माझ्या खांद्यावरून पाहून गेल्या, “छान चाललंय” म्हणाल्या. आणि मला चटक लागली. भित्र्या माणसाला अशी जागा सापडू नये. जिथं लिहिलेलं कुणाला दिसत नाही तिथं तो खरं बोलायला लागतो.

नमुने देतो, म्हणजे गुन्ह्याचा अंदाज येईल. सतरा नंबर, वृक्षारोपण: ‘एका रोपट्याला एकोणीस हात लागले आहेत. रोपटं दिसत नाही. खड्डा गेल्या वर्षीचाच आहे, कडेच्या दगडावरून ओळखू येतो.’ एक्केचाळीस, राष्ट्रीय चर्चासत्र: ‘पहिल्या रांगेत तिघं झोपले आहेत. मधले उद्घाटक आहेत.’ अठ्ठ्याऐंशी, नवी संगणक प्रयोगशाळा: ‘कुलसचिव साहेब संगणकाकडे बोट दाखवून काही समजावत आहेत. संगणक बंद आहे. वायर टेबलाखाली गुंडाळून ठेवली आहे. शेजारचे सगळे मान हलवत आहेत.’ एकशे छप्पन, दिव्यांग सुविधा केंद्र: ‘दाराला कुलूप. कुलपावर कोळ्याचं जाळं. पाटी नवी आहे.’ (यातला एकही शब्द खोटा नाही. तीच तर पंचाईत आहे. खोटं असतं तर माफी मागता आली असती.)

मला वाटलं होतं, हे ऐकणार कोण? कहकशां आणि आणखी दोघं-तिघं. मला हे लक्षात आलं नाही की लातूर-नांदेडात ज्यांना दिसत नाही अशी जेवढी मुलं कॉलेजात शिकतात ती सगळी एका ग्रुपवर आहेत. कहकशांनं तिथं एक दुवा टाकला. त्यांनी पुढं पाठवला. आमचं ‘छायाचित्र दालन’ हे पान वर्षाला नव्वद माणसं पाहत असत, त्यांत साठ वेळा मीच. ऑक्टोबरात ते पान चार हजार वेळा उघडलं गेलं. महानंदा मॅडम आमच्या कक्षाच्या प्रमुख, मनानं फार चांगल्या, पण आलेख दिसला की त्यांना राहवत नाही. त्यांनी तो आलेख मोठा करून बैठकीत दाखवला. कुलसचिव साहेब खुर्चीतून पुढं सरकले. आपले फोटो चार हजार वेळा पाहिले गेले हे ऐकून त्यांचे डोळे भरून आल्यासारखे झाले, आणि त्यांनी आदेश दिला की दालनात त्यांचे आणखी फोटो टाकावेत. मी टाकले. वर्णनंही लिहिली. (चटक वाईट. त्या अकरा वर्णनांबद्दल मी या पत्रातही लिहिणार नाही.)

मी कहकशांला हात जोडले. म्हणालो, बाई, ग्रुपवरनं काढ ते, माझी फाईल सोमवारी साहेबांच्या टेबलावर जाणार आहे. ती म्हणाली, हममें से कोई नहीं बोलेगा सर, डरो नको. मग हळू आवाजात म्हणाली, “सर, कार्यक्रमात सब लोगां हसते. हम पूछते क्या हुआ, तो बाजूवाला बोलता कुछ नहीं. हर बार कुछ नहीं. अब पहली बार हमकू मालूम रहता क्या हुआ.” मी कँटीनला जाऊन दोन चहा प्यालो आणि परत आलो.

आता शुक्रवार ऐका. समितीत तीन माणसं. दोघं डोळस, ते कागद पाहतील, त्यांची मला भीती नाही, कागद आमच्याकडं पोत्यानं आहेत. तिसरे तज्ज्ञ लातूरहून येणार आहेत, त्यांना दिसत नाही. ते स्वतः संकेतस्थळ ऐकून गुण देणार. एवढ्यावर थांबलं असतं तर मी एखादा कोपरा धरून बसलो असतो. पण साहेबांना वाटलं की आपलं सगळ्यांत नावाजलेलं पान सगळ्यांनीच ऐकावं. म्हणून शुक्रवारी सकाळी अकरा वाजता मोठ्या सभागृहात, सगळे विभागप्रमुख आणि दीडशे विद्यार्थ्यांसमोर, तज्ज्ञांचा संगणक भोंग्याला जोडायचा आणि ‘छायाचित्र दालन’ पहिल्यापासून वाजवायचं असं ठरलं आहे. मॅडमनी चार भोंगे सांगितले आहेत. शिवाय पाचवा बाहेर व्हरांड्यात आहे, म्हणजे शिपायांनाही ऐकू यावं.

दाजी, मला ते रोज दिसतं. साहेब पहिल्या रांगेत बसले आहेत, गळ्यात हार आहे, आणि ती बाई तिच्या सपाट आवाजात म्हणते आहे, संगणक बंद आहे. वायर टेबलाखाली गुंडाळून ठेवली आहे. नऊ वर्षं गेली. वय एकेचाळीस. या वयात दुसरीकडं कोण घेतं? रेणापूरला आप्पांच्या कापड दुकानात बसायचं तर आप्पा काही म्हणणार नाहीत, नुसते गप्प बसतील, आणि गिऱ्हाईक विचारील, काय शिवलिंगप्पा, सुट्टीवर का. सकाळी कपाळाला विभूती लावताना माझं लक्ष शुक्रवारात असतं आणि तीन रेघांच्या पाच होतात. कालच एकानं विचारलं, काही व्रत आहे का.

तुम्ही म्हणाल, मग पुसून टाक की. संकेतस्थळ तुझ्याच हातात ना. इथंच तर मारलं. तपासणी होईपर्यंत संकेतस्थळाला कुलूप घातलं आहे. पुण्याच्या ज्या कंपनीनं ते बनवलं तिनं सांगितलं की शुक्रवारपर्यंत कुणी एक अक्षर हलवायचं नाही, पासवर्ड त्यांच्याकडं. मी हात बांधलेला माणूस आहे. जे व्हायचं ते पाहत राहणं एवढंच माझ्या हातात आहे.

बाकी इकडं क्षेम आहे. गोदावरीला पाणी बरं आहे, थंडी सुरू झाली. अक्काला शरणार्थ सांगा, अक्षराला अभ्यास कर म्हणावं. तुमची प्रकृती जपा. हे सगळं सहज लिहिलं, मन मोकळं करावं म्हणून. तुम्ही यात काही करावं असं मुळीच नाही.

आपला आज्ञाधारक,
शिवलिंग

ताजा कलम: हे पूर्ण लिहितो, कारण नुसतं ‘ता. क.’ लिहिलं की ती बाई ताक म्हणते. मूळ पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली. समितीच्या आदेशात तिसऱ्या तज्ज्ञांचं नाव आहे, आणि ते तुमचं आहे. ‘प्रा. वीरेश, इतिहास विभाग, लातूर.’ तुम्ही मला सांगितलं नाहीत, कारण तुम्ही नियमाची माणसं. पण अक्कानं आमच्या मंडळीला सांगितलं. तेव्हा सरळच विचारतो. तुमच्या त्या संगणकात चित्रं वगळून पुढं जायची काहीतरी सोय असते असं कहकशां म्हणाली. शुक्रवारी तुमचं बोट चुकून तिकडं गेलं आणि दालन नुसतं ‘चित्र, चित्र, चित्र’ करत दोन मिनिटांत संपलं, तर ते यंत्राचं चुकलं असं सगळे म्हणतील. आणि तुम्ही मला ओळखत नाही. मीही तुम्हाला ओळखणार नाही. येताना तुमच्या आईच्या हातच्या कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणा असं मी एरवी म्हटलं असतं, पण तपासनिसाकडून आपण काही घेतलं असं होऊ नये म्हणून उलट मीच तुम्हाला भाकरी-चटणी पाठवतो. (हे लाच म्हणून नाही. अक्कासाठी आहे.)

आणखी एक ताजा कलम: वरचा पाठवायच्या आधी तासभर बसून राहिलो. आता खरं लिहितो. आता तरी इअरफोन नीट बसला आहे ना ते पाहा.

कुलूप नाही. पुण्याच्या कंपनीचं मी रचून सांगितलं. पासवर्ड माझ्याकडं आहे, अक्षराच्या नावाचाच आहे. काल मी सगळं पुसायला बसलो होतो आणि सुरुवात मुद्दाम दोनशे तीन नंबरपासून केली, कारण मला साहेबांची भीती आहे ती लहान आहे, आणि त्या फोटोची आहे ती मोठी आहे.

तीन वर्षांमागं डिसेंबरात, दिव्यांग दिनाला, तुमचा आमच्याकडं सत्कार झाला होता. तबक मी धरलं होतं. शाल पांघरायला कुणीतरी तुम्हाला फिरवलं, नारळ दिला, हात मिळवला आणि सगळे बाजूला झाले. तुम्ही मागच्या कापडी फलकाकडं तोंड करून उभे राहिलात. मग मानपत्र सुरू झालं. दोन पानी होतं, दाजी. दोन पानं तुम्ही दीडशे माणसांकडं पाठ करून फलकाकडं बघत हसत उभे होता. खाली हसायला लागले. मी पाच पावलांवर होतो. तुमचा कोपर धरून वळवायचं, एवढंच काम होतं. पण तसं केलं तर सगळ्यांना कळलं असतं की हे याचे दाजी आहेत, आणि मला त्याची लाज वाटली. भीती नव्हती ती, लाज होती. भीती मी नंतर त्याच्यावर पांघरली.

खाली आल्यावर तुम्ही विचारलंत, “शिवलिंग, लोकं का हसून राहिले होते रे?” मी म्हणालो, “काही नाही, दाजी.” अक्कानं फोटो मागितला तेव्हा म्हणालो, कॅमेरा बिघडला होता. फोटो होता. संकेतस्थळावर तीन वर्षं आहे. आणि तुम्हाला आवाजाच्या दिशेवरून तेव्हाच सगळं कळलं असेल, तरीही तुम्ही मला विचारलंत, मी काय म्हणतो ते पाहायला, ही शंका मला तीन वर्षं खाते आहे. कहकशां ‘कुछ नहीं’ म्हणाली तेव्हा मी कँटीनला का पळालो ते आता तुम्हाला कळेल.

त्या चौकोनात मी ऑक्टोबरात लिहिलं होतं ते असं: ‘एक माणूस लोकांकडे पाठ करून उभा आहे. अंगावर शाल, हातात नारळ, तोंडावर हसू. त्याला कुणीही वळवलं नाही. फोटोच्या डाव्या कडेला तबक धरलेला एक हात दिसतो. तो हात त्याच्या मेहुण्याचा आहे.’

ते पुसायला बोट कळीवर ठेवलं आणि दाबवेना. ते पुसणं म्हणजे तुम्हाला पुन्हा ‘काही नाही’ म्हणणं. ते राहिलं म्हणून मग बाकीची तीनशेही राहिली. (साहेबांची नवी अकरा आणि ते अठ्ठ्याऐंशी नंबरचं मात्र सौम्य केलं, खोटं बोलत नाही. संगणक बंद आहेच्या जागी ‘संगणक विश्रांती घेत आहे’ असं केलं. शूरपणा मला एका दमात झेपत नाही.)

तेव्हा पहिल्या ताज्या कलमातली विनंती रद्द समजा. चित्रं वगळू नका. दोनशे तीन आला की चार भोंग्यांवर वाजू द्या, व्हरांड्यातल्या पाचव्यावरही. शुक्रवारी ऐकण्याच्या आधी तुमचा सत्कार ठरला आहे, आमच्याकडं तपासनिसाचाही आधी सत्कार होतो. मॅडमच्या यादीत तबक माझ्याच नावावर आहे. शाल अंगावर पडली की मी तबक खाली ठेवीन, तुमचा कोपर धरीन, आणि माणसं कुठल्या बाजूला बसली आहेत ते तुम्हाला सांगेन, माईकवर ऐकू गेलं तरी चालेल. सोमवारचं सोमवारी पाहू.

आणि कुणी विचारलं हे कोण, तर माझे दाजी म्हणून सांगेन.